मुठीखालचा काळा गंज

गेल्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं, की दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या शिपायांनी आणलेल्या जपानी तलवारी कोकणातल्या माळ्यांवर अजून पडून आहेत, कुणाकडे असेल तर कळवा. पत्रं अपेक्षेपेक्षा बरीच आली. त्यातली आठ इथे घेतोय. नव्या वाचकांसाठी दोन ओळी माझ्याबद्दल: मी वेंगुर्ल्याचा, जहाजावर इंजिनिअर म्हणून एकतीस वर्षं काढली. गोव्याचं लोहखनिज घेऊन आमचं जहाज जपानच्या मिझुशिमा बंदराला लागायचं. ते बंदर ओकायामा प्रांतात. त्याच प्रांतात ओसाफुने गाव आहे, जिथे शतकानुशतकं तलवारी घडल्या. माल उतरायला लागलेल्या दिवसांत मी तिथल्या तलवारींच्या संग्रहालयात जाऊन बसायचो. नाद लागला तो तिथे.

कुडाळहून एका वाचकाचं पत्र: माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 1946 साली घरी आले तेव्हा एक तलवार घेऊन आले. कोणी विचारलं तर एवढंच सांगायचे, 'बर्म्यात गावली.' मूठ धातूची आहे, तिच्यावर दोरी गुंडाळल्यासारखी नक्षी आहे पण ती ओतीव आहे, वर तपकिरी रंग. पात्यावर मुठीजवळ पाच आकडी नंबर ठोकलेला आहे. गावातले एक गृहस्थ म्हणतात, ही चारशे वर्षांपूर्वीची सामुराईची तलवार आहे. काय समजावं?

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटोची गरज पडली नाही. ही सामुराईची तलवार नाही. जपानी फौजेत हवालदार दर्जाच्या माणसांना सरकारकडून मिळायची ती ही तलवार, 1935 सालच्या नमुन्याची. जपानी लोक तिला '95 नंबरचा नमुना' म्हणतात, कारण त्यांच्या राजवंशाच्या कालगणनेत ते वर्ष 2595 होतं. पातं यंत्रावर घडवलेलं, तेलात थंड केलेलं. मूठ ॲल्युमिनियमची ओतीव. पात्याच्या पाठीकडच्या बाजूला लांबच लांब खाच असेल, आहे ना? नंबर हीच तिची मुख्य खूण. हातघडणीच्या जुन्या जपानी पात्यावर असा कारखान्याचा नंबर कधीच नसतो.

आता म्यानाच्या तोंडाशी बघा. तिथेही नंबर असेल. पात्यावरचा आणि म्यानावरचा नंबर एकच असेल, तर तुमच्या आजोबांना ती जशी मिळाली तशीच ती आजवर राहिली आहे, कुठे अदलाबदल झालेली नाही. संग्राहकाच्या लेखी ही मोठी गोष्ट.

चारशे वर्षं गेली म्हणून मन खट्टू करू नका. 1944 च्या मार्चमध्ये इंफाळच्या वाटेवर सांगशाकला जी लढाई झाली, तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. पुढे 1945 मध्ये जपान शरण आल्यावर ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी हुकूम काढला, की प्रत्येक जपानी अधिकाऱ्याने आपली तलवार समारंभाने खाली ठेवायची. अशा अनेक तलवारी शिपायांबरोबर घरोघर गेल्या. आजोबांची बटालियन कुठली, ते कधी भरती झाले, कधी सुटले, हे त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर असेल. ते कागद आणि तलवार एकत्र ठेवा. एक साधी वही करा आणि त्यात 'बर्म्यात गावली' हे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. हे शब्द ऐकलेली माणसं आहेत तोवर ते उतरवून घ्यायला हवेत. आणि मुठीवरचा तो तपकिरी रंग खरवडू नका, नवा तर मुळीच देऊ नका.

कणकवलीहून: माझ्या वडिलांच्या मामांकडची तलवार आहे. मुठीला खरी दोरी गुंडाळलेली आहे, दोरीच्या फटींतून पांढरं, दाणेदार, खडबडीत कातडं दिसतं. म्यानावर चामड्याची खोळ आहे. मूठ उघडून बघावी असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. उघडावी का? मोडली तर?

या वाचकांना मी उत्तर लिहिण्याऐवजी घरीच बोलावलं. ते एस.टी.ने तलवार चादरीत गुंडाळून घेऊन आले, सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी. त्या दिवशी माझ्या पडवीत जे घडलं ते सविस्तर सांगतो, कारण जपानी तलवार ओळखायची विद्या सगळी त्यात आली.

मूठ आणि पातं यांना धरून ठेवते ती बांबूची एक बारीक खुंटी. जपानीत मेकुगी. ती एका टोकाला निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडूनच बाहेर ढकलायची. मी पितळेच्या छोट्या सुंब्याने दोनदा हलकेच ठोकलं, खुंटी सरकली. मग डाव्या हाताने मूठ बुडाशी धरली, पातं वर आणि जरासं मागे झुकवून, आणि उजव्या मुठीने माझ्याच डाव्या मनगटावर ठोका दिला. दोन ठोक्यांत काही झालं नाही. तिसऱ्या ठोक्याला आतून 'टक' असा आवाज आला आणि पातं मुठीतून अर्धा इंच वर सरकलं. हातोडी मुठीवर कधी मारायची नाही. मनगटाच्या धक्क्याने निघत नसेल तर त्या दिवशी राहू द्यायचं.

मूठ निघाली, मग पितळेच्या दोन चकत्या, मग त्सुबा म्हणजे मुठीपुढची गोल तबकडी, मग पात्याच्या मुळाशी बसवलेलं तांब्याचं कडं. आणि शेवटी मुठीत दडलेला पात्याचा भाग उघडा झाला. त्याला नाकागो म्हणतात. मुलगी म्हणाली, "काका, हे तर आमच्या बिडाच्या तव्यासारखं दिसतंय." अगदी बरोबर बोलली. काळा, तेलकट नसूनही तुकतुकीत, हाताला गुळगुळीत. बोटाला काही लागत नाही. हा गंज तीन-चारशे वर्षांचा असतो. साठ-सत्तर वर्षांचा असेल तर तांबूस-तपकिरी असतो आणि खाली कानशीच्या रेघा ताज्या दिसतात. काल-परवाचा नारिंगी, बोटाला पूड लागेल असा. बनावट करणारे तेजाब लावून किंवा मातीत पुरून काळा रंग आणतात, पण तो खळग्याखळग्यांचा असतो, आणि खुंटीच्या भोकाच्या आतल्या कडेला नवं लोखंड चमकत राहतं. म्हणून बॅटरी घेऊन त्या भोकात डोकवायचं.

इथे भोकं दोन होती. खालचं नाकागोच्या पार टोकाला, अर्धवट कापलं गेलेलं. म्हणजे हे पातं मुळात लांब होतं. नंतर कुणीतरी नाकागोकडून कापून ते लहान केलं आणि खुंटीसाठी वर नवं भोक पाडलं. जपानात हे सर्रास होत असे, कारण पुढे कमरेला लावायच्या तलवारीची लांबी कमी झाली. कापताना घडवणाऱ्याची सही गेली. सही नाही म्हणून या पात्याला मी कुणाचंही नाव देणार नाही. टोकापासून मुळाच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजलं तर 63 सेंटीमीटर भरलं. जपानी मापात एक शाकू 30.3 सेंटीमीटरचा. दोन शाकूंच्या वर ती कताना, एक ते दोन शाकू वाकिझाशी, एक शाकूखाली तांतो म्हणजे कट्यार. तेव्हा ही कताना. 1938 च्या नमुन्याची फौजी मूठ आणि म्यान तिला नंतर चढवलं गेलं. युद्धावर निघताना घरातलं जुनं पातं फौजी साजात बसवून नेणारे अधिकारी होते, त्यांच्यापैकी कुणाचं तरी हे. माझं मत असं, की पातं 1600 च्या आधीचं आहे. पण हे मत आहे, दाखला नव्हे. दाखला देणारी संस्था टोकियोत आहे, 1948 साली स्थापन झालेली, आणि तिथे पातं प्रत्यक्ष न्यावं लागतं.

मुलीने विचारलं, "हा काळेपणा काढला तर आतून चकाकेल ना?" हाच प्रश्न 1987 साली मी स्वतःला विचारला होता आणि उत्तर 'हो' असं दिलं होतं. रजेवर आलो होतो. शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या सुभेदारांनी मलायातून आणलेली वाकिझाशी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, बघ रे, तुम्ही इंजिनवाले, जरा साफ करून दे. मी मूठ काढली, पॉलिश पेपर घेतला आणि नाकागो आरशासारखा केला. सही होती तिथे. दोन अक्षरं. पेपर घासता घासता त्यांच्या कडा गेल्या, आणि अक्षरांच्या आतला काळा थर गेला. सुभेदार खूश झाले. दोन वर्षांनी ओसाफुनेच्या संग्रहालयात काचेआड नाकागोच मांडून ठेवलेले पाहिले, एकेकाचा काळा रंग नीट दिसावा म्हणून दिवे तिरके लावलेले, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी त्या तलवारीचा जन्मदाखला पुसला होता. सुभेदार आज नाहीत. त्यांच्या नातवाला मी सगळं खरं सांगितलं आहे. त्या दोन अक्षरांचा कुणाला फोटो काढून ठेवायचंही सुचलं नव्हतं.

म्हणून या सदरात मी पुन्हा पुन्हा हेच लिहितो आणि लिहीत राहीन: मुठीखालच्या काळ्या गंजाला हात लावू नका. तेलही लावू नका. कोरड्या सुती फडक्याने धूळ झटकली की झालं.

मालवणहून एका भगिनींचं पत्र: आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. मागच्या वर्षी जाऊबाईंनी समया आणि तांब्या घासता घासता सासऱ्यांची जपानी तलवारही आमसुलाने घासली. पातं राखाडी झालं, पण धारेलगत आधी न दिसणारी नागमोडी पांढरट रेघ दिसायला लागली. ही रेघ कसली? आणि तलवार खराब झाली का?

ताई, जाऊबाईंना बोल लावू नका. पितळेला जे चालतं ते पोलादालाही चालेल असं कुणालाही वाटेल.

आधी रेघेचं सांगतो. ती नवी नाही, पहिल्यापासून होती. जपानी कारागीर पात्याची धार कडक ठेवतो आणि पाठ मऊ. त्या दोहोंच्या मधली सीमा म्हणजे हामोन. आमसुलातलं आम्ल कडक पोलादावर वेगळं काम करतं आणि मऊवर वेगळं, म्हणून सीमा उठून दिसली. त्यावरून एवढं नक्की कळतं, की पातं खरोखर धारेपुरतं कडक केलेलं आहे. तुमच्या घरात चांगली वस्तू आहे.

नुकसान मात्र झालंय. जुन्या पात्याला जे तेज असतं ते पाती घासून चमकवणारा खास कारागीर काढतो. एकामागून एक अधिकाधिक बारीक दगड बदलत, हाताने, कित्येक दिवस. तो जपानातला वेगळा पेशा आहे, शिकायलाच वर्षानुवर्षं लागतात. ते तेज आम्लाने खाल्लं. ते आपल्याकडे कुणी परत आणू शकत नाही. धार लावणारा म्हणेल 'देतो करून', त्याच्या चाकाजवळ पातं नेऊ नका. चाकावर पात्याच्या कडांचे कोन कायमचे जातात.

आत्ता करायचं ते असं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट कापसावर घेऊन पातं पाठीकडून, मुळापासून टोकाकडे एका दिशेने पुसा. पाणी नाही. सुकू द्या. मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब मऊ कागदावर घेऊन अगदी पातळ हात फिरवा. पात्यावर तेलाचा थेंब दिसत असेल तर जास्त झालंय. खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि खवटपणाबरोबर पुन्हा आम्ल तयार होतं. जपानात 'चोजी' नावाचं लवंगेच्या वासाचं तेल वापरतात. ते वाचून एकांनी औषधी लवंगतेल थेट पात्याला लावलं होतं. चोजी तेल मुळात खनिज तेल असतं, लवंग त्यात नावापुरती.

जपानात सहा महिन्यांनी एकदा तेल बदललं तरी चालतं. आपल्या किनाऱ्यावर चालत नाही. खाऱ्या वाऱ्याचा आणि मृगापासूनच्या दमटपणाचा हिशोब वेगळा. मी जूनपासून नवरात्रापर्यंत दर तीन आठवड्यांनी तेल पुसून नवं लावतो, इतर वेळी दोन महिन्यांनी. पात्याला बोट लागलं तर तिथल्या तिथे पुसतो. आषाढात लागलेल्या बोटाचा ठसा चार दिवसांत लाल होऊन वर येतो. माझ्याकडच्या एका पात्यावर अंगठा उमटलेला आहे, वळ्या मोजता येतील असा. चामड्याच्या खोळीत तलवार ठेवू नका, चामडं ओल धरतं. खोळ वेगळी जपा.

पूजेबद्दल. पूजा बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. माझ्याकडेही खंडेनवमी असते. फक्त हळद-कुंकू, ओलं गंध, पंचामृत पात्याला लावायचं नाही. पातं म्यानात ठेवून म्यानावर फूल वाहायचं, शेजारी विड्याच्या पानावर सुपारी ठेवून कुंकू तिला लावायचं. आमच्या भटजींनी याला आनंदाने मान्यता दिली.

रत्नागिरीहून, वय 24: मला हा छंद सुरू करायचा आहे. ऑनलाइन 'ओरिजिनल सामुराई कताना, दमास्कस स्टील' बारा हजारांना आहे. पात्यावर ड्रॅगन कोरलाय. घेऊ का?

नको. जुन्या जपानी पात्यावर ड्रॅगन कोरलेले असतात, हे खरं. पण 'दमास्कस' हा शब्द जपानी तलवारीशी जोडलेला दिसला की पान उलटायचं. जपानी पोलादातही थरांची नक्षी असते, तिला हादा म्हणतात, पण ती अंधुक असते, फळीतल्या शिरांसारखी, दिव्याखाली तिरकं धरून शोधावी लागते. दुरून झेब्र्यासारखे पट्टे दिसले तर ते तेजाबाचं काम. हामोनचंही तसंच. एकच उघडा बल्ब लावून पातं हळूहळू झुकवलं, तर खऱ्या हामोनच्या कडेला बारीक कण चमकतात, ओल्या वाळूत अभ्रक चमकावं तसे. खोटी रेघ कुठूनही पाहिली तरी तितकीच पांढरी, तितकीच सपाट.

शिवाय कायदा. 1959 च्या शस्त्र कायद्यात तलवार हे शस्त्रच आहे, आणि परदेशातून मागवायची तर आधी परवाना लागतो. वारशाने घरात असलेल्या तलवारीबद्दलही आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारून उत्तर लेखी घ्यावं, असं मी सर्वांना सांगतो. शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर 1972 चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, ती देशाबाहेर विकायला नेता येत नाही. तलवार घेऊन मिरवणुकीत फोटो काढायचे असतील, तर हा छंद तुमच्यासाठी नाही.

सुरुवात डोळ्याने करा. हैदराबादला सालारजंग संग्रहालयात कताना आणि वाकिझाशी दोन्ही ठेवलेल्या आहेत. एक दिवस काढून जा. वही-पेन्सिल न्या, पात्याची बाह्यरेषा काढा. वाक कुठे आहे ते बघा: मुठीजवळ खोल की मधोमध? बाराव्या-तेराव्या शतकातल्या घोडेस्वाराच्या ताचीचा, म्हणजे त्या काळच्या लांब तलवारीचा, वाक मुठीकडे खोल असतो. 1660-70 च्या सुमाराच्या पात्याला वाक जवळजवळ नसतोच. नुसत्या या एका रेषेवरून जाणकार माणूस शतक सांगतो. दहा पाती काढून झाल्यावर तुम्हालाही सांगता येऊ लागेल. आणि काही घ्यायचंच असेल तर त्सुबा घ्या. लोखंडाची तबकडी, तळहातावर मावते, तिला धार नाही, आणि एकेकीवर बगळे, लाटा, बांबू असं काम असतं की माणूस तासभर बघत बसतो. माझ्याकडे नऊ आहेत. पहिली कोबेच्या फुटपाथवरच्या बाजारात घेतली, तिच्यावर दोन बदकं आहेत.

गुहागरहून, इयत्ता नववी: काका, जपानी तलवार वाकडी का असते? घोड्यावरून मारायला सोपी म्हणून का?

तुझ्या गावात लोहार आहे का बाळ? असेल तर तो कोयत्याला 'पाणी देतो' ते बघून ये, मग पुढचं वाच.

कोयत्याचा वाक लोहार घणाने देतो आणि तो धारेच्या बाजूला असतो. जपानी तलवारीचा वाक पाठीकडे असतो आणि त्यातला बराचसा पाणी देतं. कारागीर पात्याला मातीचा लेप लावतो, पाठीवर जाड, धारेवर अगदी पातळ. रात्री अंधारात तापवतो, म्हणजे लोखंडाचा लाल रंग नीट ओळखता येतो. मग पाण्याच्या कुंडात बुडवतो. धार क्षणात थंड होते आणि तिथल्या पोलादाची आतली रचना बदलते. या नव्या रचनेला जास्त जागा लागते, म्हणजे धार लांबते. पाठ तेवढी लांबत नाही. मग पातं पाठीकडे वाकतं. कधी कधी 'टिंग' असा आवाज येतो आणि पाण्यातच पात्याला चीर जाते, महिन्याभराची मेहनत गेली. घोड्यावरून वापरायला वाक उपयोगी पडला हे खरंच, म्हणून कारागिरांनी तो हवा तसा साधायला शिकून घेतलं. आपल्याकडची धोप सरळ असते आणि तीही घोड्यावरून चालायची, हे तुझ्या इतिहासाच्या बाईंना सांग.

चिपळूणहून: 2021 च्या पुरात घरात नऊ फूट पाणी होतं. तलवार दोन दिवस गाळात होती. तेव्हापासून म्यानातून निघत नाही. दोघांनी ओढून बघितली.

आता कुणी ओढू नका. आत गंजाने पातं लाकडाला धरलं आहे, ओढाल तितकं टोक मोडायची भीती. म्यान धातूचं असेल तर तोंडाशी एक-दोन बारीक स्क्रू असतील. ते काढले की आतलं लाकडी अस्तर पात्यासकट बाहेर येतं. लाकडाचं असेल तर ते दोन फळ्यांचं असतं आणि त्या भाताच्या खळीने चिकटवलेल्या असतात. खळ मुद्दाम वापरतात, म्हणजे म्यान साफ करायचं झालं तर उकलता यावं. सांध्यात पातळ सुरी घालून, तसूतसूने, तोंडाकडून टोकाकडे. वरचं लाखेचं काम तडकेल, पण पातं वाचेल. फळ्या फेकू नका, पुन्हा चिकटतात. जमणार नाही असं वाटलं तर जशी आहे तशी घेऊन या, आपण दोघं बसून करू.

तुमचं पत्र वाचताना ओसाफुने आठवलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशीइ नदीच्या पुराने त्या गावातल्या भट्ट्या आणि माणसं नेली. त्याआधी जपानात सगळ्यांत जास्त तलवारी त्या एका गावात घडत. पुरानंतर गाव पूर्वीसारखं कधी झालं नाही.

देवगडहून: नाकागोवर कोरीव अक्षरं आहेत. एका ओळखीच्यांनी फोनवरच्या ॲपने वाचलं, 'मासामुने' आलं. ही करोडोंची तलवार आहे का?

मासामुने हा चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा, कामाकुराचा कारागीर. जपानात याच्याइतकं मोठं नाव नाही. पण त्याने स्वतः सही केलेली पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्याच्या नावाने इतरांनी ठोकलेल्या सह्या अगणित. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत 'मासामुने' दिसलं तर ती खोटी सही असं धरूनच पुढे बघायचं. खोट्या सहीखालचं पातं चांगलं असू शकतं, म्हणून नाराज होऊ नका.

तुम्ही स्वतः एवढं करा. भिंगातून अक्षरांच्या रेघांच्या आत बघा. आतला गंज बाहेरच्या गंजासारखाच काळा हवा. आत उजळ आणि बाहेर काळा, तर सही नंतर ठोकलेली. मग पातं उलटा, दुसऱ्या बाजूला तारीख असते का बघा. एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे तितक्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे एकमेकींपासून दूर उतरत गेलेल्या दोन रेघा, कौलारू छपरासारख्या. आणि महिना म्हणजे दोन पायांची, आत दोन पायऱ्या असलेली शिडी. जुन्या पात्यांवर बहुतेक वेळा दुसरा किंवा आठवाच महिना सापडतो, तशी प्रथाच होती. चांदणीचा छोटा ठसा दिसला तर मात्र पातं युद्धकाळातलं, फौजेने नेमलेल्या कारागिराने जुन्या पद्धतीने घडवलेलं. तशी पातीही जपण्याजोगी असतात. सरळ उजेडात फोटो काढून पाठवा, तिरका फ्लॅश नको.

दाभोळहून: आम्ही मच्छीमार. तुमच्या लेखातल्या फोटोत मुठीवरचं पांढरं कातडं बघून माझे वडील म्हणाले, हे पाकट माशाचं. मी म्हटलं जपानी सामुराई कशाला पाकट वापरतील?

वडिलांनी बरोबर ओळखलं. त्याला तिकडे 'सामे' म्हणतात, आणि ते पाकटाच्याच पाठीचं कातडं. दाणेदार असल्यामुळे वर गुंडाळलेली दोरी घसरत नाही. घामाने आणि रक्तानेही हात सुटत नाही. जपानच्या समुद्रात हवं तसं मोठं पाकट मिळत नसे, म्हणून सयामकडून डच जहाजांनी अशी कातडी हजारांनी तिकडे नेली.

चांगल्या कातड्यात मधोमध एक मोठा दाणा असतो, मोत्यासारखा, आणि त्याच्याभोवती लहान होत गेलेले दाणे. मूठ बांधणारा तो मोठा दाणा दोरीच्या फटीत बरोबर दिसेल असा बसवतो. कणकवलीच्या तलवारीला तो आहे, मुठीच्या वरच्या अंगाला, तिसऱ्या फटीत. वडिलांना सांगा, पुढच्या वेळी मोठं पाकट जाळ्यात आलं की त्याच्या पाठीच्या मधोमध अंगठा फिरवून बघा, आणि तो दाणा हाताला लागला तर मला दोन ओळी लिहा.